पत्रकातलं आश्वासन नेमकं कोणाच्या हातात असतं?

माझी भाची शहराबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. दुसरी पाळी रात्री 11 ला सुटते. कारखान्याच्या गेटपासून हायवेपर्यंत सात-आठशे मीटरचा रस्ता, आणि 2024 च्या पावसाळ्यात त्या रस्त्यावरचे दिवे कित्येक आठवडे बंद होते. वडापची जीप हायवेलाच मिळते, आत कोणी येत नाही. पोरी चार-पाच जणी मिळून मोबाईलची बॅटरी लावून चालत यायच्या. एका रात्री घरी आल्यावर चप्पल काढता काढता ती म्हणाली, "मामा, आज आमी तिघीच होतो. मागनं एक गाडी हळूहळू येत होती. ती पुढं निघून गेली, पण हायवे येईस्तोवर मी मागं बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला निघालो. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, गस्त वाढवतो म्हणाले, पण दिवे त्यांच्याकडे नव्हते. ग्रामपंचायतीत कळलं की हद्द आपली, पण रस्ता वसाहतीचा. वसाहतीच्या कार्यालयात सांगितलं की बिलाचा विषय वर अडकलाय. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं असेल. तरी रस्ता अंधारातच होता.

पुढे नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली आणि घरात पत्रकं पडू लागली. त्यातली चार-पाच मी जपून ठेवली आहेत. उमेदवारांची नावं इथे सांगत नाही, कारण मुद्दा कोणा एकाचा नाही. सगळ्या पत्रकांत दोन चौकटी हमखास होत्या. एकीत 'महिलांची व नागरिकांची सुरक्षितता', दुसरीत 'रोजगार व उद्योग'. माझ्या भाचीच्या आयुष्यात या चौकटी वेगळ्या नाहीत. त्या सात-आठशे मीटरची भीती वाटली की नोकरी सुटते, आणि नोकरी सुटली की घरचा हप्ता थकतो. म्हणून ही पत्रकं कशी वाचायची ते जमेल तितक्या सोप्या भाषेत लिहितोय. प्रत्येक आश्वासनाला मी एकच प्रश्न विचारतो: हे करणं कोणाच्या हातात आहे?

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्यात कामांची वाटणी करून दिली आहे. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, शेती, पाणी आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याचे विषय आहेत. रेल्वे आणि विमानतळ केंद्राचे. त्यामुळे कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचं आश्वासन आमदारकीच्या पत्रकात दिसलं, तर तो माणूस फार तर पाठपुराव्याचं बोलतोय असं समजावं. उलट शक्तिपीठ महामार्ग हा राज्य सरकारचा प्रकल्प आहे. तिथे उमेदवाराची भूमिका काय, जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याला तो काय सांगतो, हे स्पष्ट विचारायचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

आता आमदार म्हणजे सरकार नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवं. 288 जणांच्या सभागृहात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून 10 जण जातात. मंत्री झाले नाहीत तर त्यांच्याकडे सही करून काही मंजूर करायचा अधिकार फारसा नसतो. त्यांच्याकडे असतो सभागृहातला आवाज, आमदार निधी आणि अधिकाऱ्यांवर असलेलं वजन. यातलं सगळ्यात मोलाचं हत्यार आवाज आहे असं माझं ठाम मत आहे, आणि मतदार नेमकं तेच मोजत नाहीत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा ही त्या आवाजाची रूपं. प्रश्न पटलावर आला की संबंधित मंत्र्याला लेखी किंवा तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कायमचं नोंदलं जातं. पुढे दोन वर्षांनी कोणी कानावर हात ठेवले तर तो कागद दाखवता येतो.

निधीचा हिशेब साधा आहे. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी मिळतात. मतदारसंघात 3 लाख मतदार धरले, तर माणशी वर्षाला 167 रुपयांच्या आसपास. यातून गल्लीतला रस्ता, व्यायामशाळा, समाजमंदिर, चार चौकांतले कॅमेरे होतील. नवा उद्योग उभा राहणार नाही आणि पोलिसांचा पगारही निघणार नाही. 'निधीतून बेरोजगारी हटवणार' असं कोणी म्हणालं, तर हे 167 रुपये डोळ्यांसमोर आणावेत.

पोलिसांचं काय?

कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही. जिल्ह्याचं पोलीस दल अधीक्षकांच्या हाताखाली चालतं, आणि त्यांच्यावर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक असतात. हा फरक वाटतो तेवढा छोटा नाही. आयुक्तालयाच्या शहरात जमावबंदीचे आदेश पोलीस आयुक्तच काढू शकतात. आपल्याकडे ते जिल्हाधिकाऱ्यांचं काम. जून 2023 मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून शहरात तणाव झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्या दिवसांत लक्ष्मीपुरीतली दुकानं बंद होती, हातगाडीवाल्यांची रोजची कमाई गेली. तेव्हा जमावबंदीला कलम 144 होतं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले आणि तोच अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 मध्ये आहे. अशा वेळी आमदाराच्या हातात आदेश नसतो, माणसं असतात. तो पेठेत उतरून दोन्हीकडच्या मंडळींना शांत करतो की मोबाईलवर आणखी एक पोस्ट टाकतो, यावर बाजारपेठ दुसऱ्या दिवशी उघडते की नाही हे ठरतं. सार्वजनिक सुरक्षिततेबद्दल उमेदवाराची परीक्षा घ्यायची तर मी आधी त्याचं अशा दिवसांतलं वागणं आठवून बघेन, पत्रक नंतर वाचेन.

'नवं पोलीस ठाणं आणणार' हे वाक्य पुष्कळ पत्रकांत असतं. नव्या ठाण्याला गृह विभागाची मंजुरी लागते, आणि इमारतीपेक्षा मोठा अडसर असतो पदांचा. पदं मंजूर झाली नाहीत तर शेजारच्या ठाण्यातली चार माणसं उचलून नव्या फलकाखाली बसवली जातात. म्हणून ठाण्याचं आश्वासन ऐकलं की विचारावं, किती पदांसह? कॅमेऱ्यांचंही तेच. ते आमदार निधीतून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून बसवता येतात. पण बसवल्यानंतर त्यांच्याकडे बघणारा माणूस आणि वर्षाचा देखभालीचा करार लागतो. उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि पुढच्या पावसात वायर कुजते, असं व्हायला नको असेल तर हा करार कोण करणार हे आधीच ठरायला हवं.

एक आश्वासन मात्र मला खटकतं, मग ते कोणाच्याही तोंडी असो: 'माझ्या मतदारसंघात कडक अधिकारी आणतो.' बदल्या आमदाराने करायच्या नसतात. 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बदल्या ठरवणारी पोलीस आस्थापना मंडळं नेमायला सांगितलं, आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात तसा बदल केला. आमदाराच्या शब्दावर आलेला अधिकारी त्याच शब्दावर गप्पही बसू शकतो. हे लोकांनी टाळ्या वाजवण्याआधी लक्षात घ्यावं.

न्यायाच्या बाबतीत कोल्हापूरला एक मोठी गोष्ट मिळाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे 6 जिल्हे त्यात आहेत. वकिलांनी आणि जनतेने कित्येक वर्षं लावून धरलेली ही मागणी. आजऱ्याच्या माणसाला जामिनासाठी मुंबई गाठायची म्हणजे दोन दिवस आणि मुक्कामाचा खर्च. तो वाचला. हा न्यायाचा प्रश्न होता तसाच खिशाचाही.

उसाची गोष्ट

आपल्या जिल्ह्याच्या अर्थकारणावर बोलायचं तर उसाला वळसा घालून जाता येत नाही, आणि घोडं पेंड खातं तेही इथेच. 'उसाला जादा दर मिळवून देणार' हे वाक्य कारखान्याच्या भोंग्यासारखं दर हंगामात ऐकू येतं. दराचा पाया मात्र दिल्लीत ठरतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार दरवर्षी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करतं. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, टनाला 3550. उतारा म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. उतारा त्याच्यावर गेला की प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3 रुपये 46 पैसे वाढतात.

आता समजा, एखाद्या कारखान्याचा उतारा 12.25 आहे. पायाच्या वर 2 टक्के, म्हणजे 0.1 चे 20 टप्पे. टनाला 692 रुपये वाढले आणि एफआरपी झाली 4242. ही रक्कम जशीच्या तशी खात्यात येत नाही. तोडणी आणि वाहतूक वजा होते आणि उरतं ते शेतकऱ्याचं. म्हणून दोन कारखान्यांची तुलना करताना 'पहिली उचल', म्हणजे पहिला हप्ता, किती एवढंच विचारून भागत नाही. उतारा किती धरला आणि तोडणी-वाहतूक किती कापली, तेही बघावं लागतं. कोल्हापूरचा उतारा राज्यात वरच्या रांगेत असतो, त्यामुळे अर्ध्या टक्क्याचा फरकसुद्धा इथे टनाला 173 रुपये होतो.

मग आमदाराच्या हातात काय राहिलं? बरंच काही. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हा केंद्राचा नियम. पण तो पाळून घेणं राज्याचं काम. पैसे थकवणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त जप्तीचा आदेश काढतात आणि वसुली जिल्हाधिकारी करतात. हा आदेश वेळेत निघतो की फायलीत झोपतो, हा सभागृहात विचारायचा प्रश्न आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला मुभा देणारा निर्णय काढला होता. त्याविरुद्ध शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मधल्या तीन वर्षांत आपल्या भागातले किती आमदार त्या निर्णयावर सभागृहात बोलले, हे शोधून बघण्यासारखं आहे.

काट्याचंही तसंच. वजनात मारलं जातं ही शेतकऱ्याची जुनी तक्रार. काटे तपासायचं काम वैधमापन विभागाचं, तो राज्याचा. आणि आपल्या जिल्ह्यात उमेदवार स्वतःच कारखान्याचा अध्यक्ष किंवा संचालक असणं नवं नाही. अशा उमेदवाराचं पत्रक वाचायच्या आधी त्याच्या कारखान्याने गेल्या हंगामात 14 दिवस पाळले का, ते पाहावं. साखर आयुक्तालय एफआरपी थकबाकीची माहिती प्रसिद्ध करत असतं. तिथे भाषण चालत नाही, आकडा चालतो.

ऊस आणि सुरक्षितता एकत्र कुठे येतात, हे बघायला डिसेंबरच्या रात्री कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला उभं राहावं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना रस्त्यावर लोंबताहेत, मागे एकही दिवा नाही. रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात डोळे दिपतात आणि ट्रॉली दिसते तेव्हा ती दहा फुटांवर असते. दुचाकीवरून घरी जाणारी तरुण पोरं अशी गेली आहेत. ज्यांच्या घरातलं कोणी गेलंय त्यांना हे लिहून सांगावं लागत नाही. यावर मोठं धोरण नको की केंद्राची परवानगी नको. परिवहन विभाग राज्याचा, पोलीस राज्याचे आणि गाळपाचा परवाना देणारे साखर आयुक्तही राज्याचेच. रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा नसलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची नाही, एवढी अट कडकपणे पाळली गेली तर एका हंगामात फरक दिसेल. हे आश्वासन मी एकाही पत्रकात वाचलं नाही.

पुराचा विषय थोडा किचकट आहे, पण टाळून चालणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, दूध अडलं, कारखान्यांत कच्चा माल पोहोचला नाही. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने इकडचा पूर वाढतो अशी इथल्या लोकांची भीती आहे. 'अलमट्टीची उंची वाढू देणार नाही' हे वाक्य त्यामुळे लोकांच्या काळजाला भिडतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 च्या निवाड्यात कर्नाटकाला ती उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायला मुभा दिली, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ही लढाई राज्य सरकारने वकील उभे करून लढायची. एकटा आमदार ती थांबवू शकत नाही, सरकारला जागं मात्र ठेवू शकतो.

त्याच्या हातातली गोष्ट गावाजवळ आहे. पाटबंधारे खात्याने पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये हा त्यामागचा अर्थ. 2019 नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही अतिक्रमणांवर बोट ठेवलं. आता एखादा उमेदवार एका सभेत पूरमुक्तीची शपथ घेतो आणि दुसऱ्या बैठकीत पूररेषा सरकवून देतो म्हणून सांगतो. दोन्ही शब्द एकाच वेळी पाळता येत नाहीत. कुठला पाळणार, हे त्याला भर सभेत विचारावं.

उद्योगाचं थोडक्यात सांगतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या वसाहतींतल्या फाउंड्री, म्हणजे धातू ओतकामाचे कारखाने, विजेवर चालतात आणि कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे वीज परवडली नाही तर उद्योग पलीकडे जाण्याची धास्ती असते. वीजदर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, सुनावणी घेऊन. पण दरावर सवलत देणं मंत्रिमंडळाच्या हातात असतं. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना 2016 पासून अशी सवलत सुरू झाली. म्हणून 'वीज स्वस्त करणार' म्हणणाऱ्याला विचारायचं: आयोगापुढे हरकत घेणार की मंत्रिमंडळाकडे सवलत मागणार, आणि तिचा पैसा कुठून येणार?

शेवटी विषय पैशावरच येतो. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च 7 लाख कोटींच्या घरात आणि महसुली तूट 45,891 कोटी. त्यात लाडकी बहीण योजनेला 36,000 कोटी, म्हणजे रुपयातले साधारण 5 पैसे. 1500 चे 2100 करायचे आणि बहिणींची संख्या तेवढीच ठेवायची, तर आणखी 14,400 कोटी लागतात. हे पैसे देऊ नयेत असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत त्या पैशांतून वह्या आल्या, औषधं आली, मी पाहिलंय. पण 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली, आणि आश्वासनाचा पैसा कसा उभा करणार ते जाहीरनाम्यात दिसावं अशी आयोगाची अपेक्षा आहे. ती ओळ पत्रकात शोधावी. बहुतेक वेळा सापडत नाही. आणि उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज सगळं असतं. दहा मिनिटांचं वाचन आहे.

त्या नोव्हेंबरात आमच्या पेठेत एक कोपरा सभा झाली. भाचीची त्या दिवशी पहिली पाळी होती, म्हणून ती आली. उमेदवार बोलून झाल्यावर तिने हात वर केला आणि रस्त्याचं सांगितलं. "ताई, दिवे लावून देतो," ते लगेच म्हणाले. तिने विचारलं, "बिल कोण भरणार ओ?" ते थोडे थांबले, मग शेजारच्या कार्यकर्त्याला म्हणाले, लिहून घे.

दिवे जानेवारीत लागले. कोणाच्या सांगण्यावरून, ते आम्हाला कळलं नाही. तिने मात्र 10 रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज केला आणि वीजबिल कोण भरतं, दुरुस्ती कोणाकडे आहे, हे लेखी मिळवलं. तो कागद कारखान्यातल्या सगळ्या पोरींच्या ग्रुपवर आहे. वळणावरचा एक दिवा गेल्या आठवड्यात पुन्हा गेला, तेव्हा तिने आधी त्याच कार्यालयाला फोन केला आणि तक्रारीचा क्रमांक ग्रुपवर टाकला.